वर्डप्रेसची सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्तस्रोत प्रणाली वापरून स्वतःचे संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे वर्डप्रेस ही अशीच एक प्रणाली डोळ्यांसमोर ठेवून दिलेली आहेत. एखादी बाब दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असल्यास पुनरुक्ती टाळून त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीएमएस म्हणजे नेमके काय, आणि साध्या एचटीएमएल पानांपेक्षा त्यात वेगळे काय असते?

सीएमएस, म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणाली, ही सर्व्हरवर (संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते त्या संगणकावर) चालणारी अशी आज्ञावली असते की जिच्यामुळे संकेतस्थळावरील मजकूर आणि त्याची मांडणी एकमेकांपासून वेगळी ठेवता येते. साध्या एचटीएमएल पानात ही दोन्ही एकाच फाइलमध्ये गुंतलेली असल्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी असलेला दूरध्वनी क्रमांक बदलायचा झाला, तर जितकी पाने तितक्या फाइली उघडाव्या लागतात. वर्डप्रेसमध्ये लेखांचा मजकूर आणि सेटिंग डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या रूपातील माहितीसाठ्यात, राहतात, पानाचा साचा थीमच्या, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचाच्या, फाइलींमध्ये राहतो, आणि वाचक दुवा उघडतो त्या क्षणी पीएचपी ही संगणकभाषा दोन्ही जुळवून पान तयार करून देते. चित्रे मात्र डेटाबेसमध्ये नसतात. ती ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरातील ‘अपलोड्स’ या उपफोल्डरात असतात, आणि डेटाबेसमध्ये केवळ त्यांची नोंद असते. कोणती गोष्ट कुठे राहते, एवढे एक नीट समजून घेतले तर पुढील निम्म्या अडचणींची उकल आपली आपल्यालाच होते. त्यामुळे थीम निवडत बसण्याआधी नवशिक्याने थोडा वेळ यावर घालवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२. मुक्तस्रोत आहे तर सगळे फुकटच असायला हवे. मग पैसे कशाचे द्यावे लागतात?

वर्डप्रेस हे जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखाली वितरित होते. ते कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याची आज्ञावली उघडून पाहावी, तीत बदल करावा आणि बदललेली प्रत इतरांना द्यावी, अशी मुभा हा परवाना देतो. आज्ञावलीसाठी पैसे पडत नाहीत हे खरे, परंतु ती ज्या सर्व्हरवर चालते त्याचे, म्हणजे होस्टिंगचे, आणि डोमेन नावाच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नोंदणीचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. काही थीम आणि प्लगइन (नव्या सोयी जोडणाऱ्या पूरक आज्ञावल्या) यांच्या अद्ययावत प्रतींसाठी व साहाय्यासाठीही पैसे मोजावे लागतात.

या परवान्याचे महत्त्व वर्डप्रेसच्या जन्मकथेतच दिसते. ‘बी२/कॅफेलॉग’ नावाच्या जुन्या आज्ञावलीचे काम थंडावले होते, परंतु तीही जीपीएलखाली असल्यामुळे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांना तिच्यावरून नवी शाखा काढता आली, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. मूळ कर्त्याने काम थांबवले तरी आज्ञावली मरत नाही, ही हमी आपल्या संकेतस्थळाच्या दृष्टीने फुकटपणापेक्षा अधिक मोलाची आहे.

३. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल यांपैकी कोणते निवडावे?

तिन्ही प्रणाली पीएचपीत लिहिलेल्या आहेत, तिन्ही जीपीएलखाली आहेत आणि तिन्हींना दोन दशकांहून अधिक काळ झाला आहे: ड्रुपल २००१ मध्ये आले, तर जूमला २००५ मध्ये ‘मॅम्बो’ या प्रणालीपासून वेगळे झाले. मजकूर एकाच प्रकारचा असेल, लिहिणारे मोजके असतील आणि देखभालीला स्वतंत्र तंत्रज्ञ नसेल, तर वर्डप्रेस घ्यावे. मजकुराचे अनेक प्रकार, त्यांचे परस्परसंबंध आणि कोणी काय पाहावे याचे बारीक नियम हीच मुख्य गरज असेल, तर ड्रुपलची रचना त्यासाठी अधिक नेटकी आहे. मात्र तेथे जाणकार माणूस हाताशी लागतो. ड्रुपल ७ ला मिळणारा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि त्यावरून पुढील आवृत्तीवर जाणे हे नेहमीचे अपडेट नसून जवळजवळ नवी उभारणीच असते, हेही निवड करताना ध्यानात ठेवावे. जूमला या दोहोंच्या मधे बसते. आपल्या ओळखीत ज्या प्रणालीचा जाणकार आहे ती निवडणे, हा कसोटीचा शेवटचा पण फार उपयोगी मुद्दा होय.

४. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग ही एकच गोष्ट आहे का?

नाही. डॉट ऑर्गवरून आज्ञावली उतरवून घेता येते आणि ती आपण हव्या त्या सर्व्हरवर चालवू शकतो. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा असून तेथे तीच आज्ञावली कंपनीच्या सर्व्हरवर तयार स्थितीत मिळते. देखभालीचा ताप वाचतो, परंतु काय करता येईल हे घेतलेल्या योजनेवर ठरते. या पानावरील उत्तरे स्वतःच्या होस्टिंगवर चालणाऱ्या वर्डप्रेससाठी आहेत, आणि फाइलींमध्ये किंवा डेटाबेसमध्ये बदल सांगणारी उत्तरे डॉट कॉमच्या प्रत्येक योजनेला लागू पडतीलच असे नाही.

५. मला प्रोग्रामिंग येत नाही. तरी जमेल का?

जमेल. फाइल अपलोड करणे, फोल्डरचे नाव बदलणे आणि त्रुटीचा संदेश घाई न करता पूर्ण वाचणे, एवढ्या तीन गोष्टी मात्र यायलाच हव्यात.

६. होस्टिंग घेण्याआधी सराव करून पाहता येतो का?

येतो, आणि करावाच. ‘झॅम्प’सारखे पॅकेज संगणकावर बसवले की वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात व त्यावर वर्डप्रेस चालते. एवढेही नको असल्यास ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ थेट ब्राउझरमध्ये उघडता येते. तेथे काहीही बसवावे लागत नाही, परंतु जपून न ठेवलेले काम टॅब बंद केल्यावर हाती राहील असे गृहीत धरू नये. स्वतःच्या संगणकावरील सरावाच्या संकेतस्थळावरून ई-मेल बहुधा जात नाहीत आणि बाहेरच्या वाचकाला ते दिसत नाही, हे त्या मांडणीचे स्वरूपच आहे. तो दोष समजू नये. सरावाचे संकेतस्थळ नंतर खऱ्या डोमेनवर हलवायचे असेल तर प्रश्न २० आधी वाचावा.

७. इन्स्टॉल करताना काय काय लागते, आणि कोणते निर्णय नंतर बदलणे अवघड जाते?

वर्डप्रेसच्या फाइली सर्व्हरवर असाव्या लागतात, एक रिकामा डेटाबेस तयार असावा लागतो, आणि त्या डेटाबेसचे नाव, त्याच्या वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड व सर्व्हरचा पत्ता या चार गोष्टी हाताशी असाव्या लागतात. त्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाइलमध्ये लिहिल्या जातात. बहुतेक होस्टिंगच्या नियंत्रणपटलावर हे सर्व एका बटणावर होते, तरीही ही फाइल एकदा उघडून पाहावी, कारण डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश कधी आलाच, तर सर्वप्रथम तेथेच पाहावे लागते.

अवघड निर्णय दोन आहेत. वापरकर्त्याचे लॉग-इन नाव डॅशबोर्डवरून, म्हणजे वर्डप्रेसच्या व्यवस्थापनाच्या पानावरून, नंतर बदलता येत नाही, म्हणून ‘अ‍ॅडमिन’ हे सर्वांना ठाऊक असलेले नाव घेऊ नये. डेटाबेसमधील तक्त्यांच्या नावांआधी लागणारा उपसर्गही सुरुवातीलाच ठरवावा. तो नंतर बदलू पाहणाऱ्यांची जी फजिती होते ती प्रश्न २२ मध्ये आली आहे.

सोपा पण विसरला जाणारा मुद्दा वेगळाच आहे. शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची दखल घेऊ नये, अशा अर्थाची एक चौकट इन्स्टॉल करताना दिसते आणि काम चालू असेपर्यंत अनेकजण ती टिकवून ठेवतात. संकेतस्थळ खुले केल्यावर ती ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये जाऊन काढायची राहते, आणि शोधात आपले नाव का येत नाही याचा शोध मग भलतीकडेच घेतला जातो.

८. पोस्ट आणि पेज यांत फरक काय? दोन्हीकडे लिहिण्याची पद्धत तर सारखीच दिसते.

डेटाबेसमध्येही दोन्ही एकाच तक्त्यात राहतात. फरक असतो तो वापराचा. पोस्टला तारखेचे महत्त्व असते, ती नव्याकडून जुन्याकडे अशा यादीत लागते आणि तिला वर्ग व टॅग देता येतात. पेज तारखेशी बांधलेले नसते आणि ते दुसऱ्या पेजच्या पोटात ठेवता येते, म्हणून ‘आमच्याविषयी’ किंवा ‘संपर्क’ ही पेजेस असावीत. वर्गांना उपवर्ग असू शकतात, टॅगना नाही. वर्ग मोजकेच ठेवावेत. प्रत्येक लेखासाठी नवा वर्ग काढला तर एकेक लेखाच्या याद्यांनी संकेतस्थळ भरून जाते.

९. पहिल्या पानावर लेखांची यादी येते. तेथे मला हवे ते पान कसे आणावे? आणि ‘लेख’ या पेजवर लिहिलेली प्रस्तावना दिसत का नाही?

‘रीडिंग’ सेटिंगमध्ये मुखपृष्ठासाठी एक पेज आणि लेखांच्या यादीसाठी दुसरे पेज निवडता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना चकवते: यादीसाठी निवडलेल्या पेजचा पत्ता आणि शीर्षक वर्डप्रेस वापरते, पण त्या पेजमध्ये लिहिलेला मजकूर सहसा दाखवत नाही, कारण तेथे थीमचा यादीसाठीचा साचा लागू होतो. प्रस्तावना हवीच असेल तर ती त्या साच्यात घालावी लागते.

१०. मराठी शीर्षक दिले की लेखाचा दुवा टक्क्यांच्या चिन्हांनी भरतो आणि मध्येच तुटतो. हे का होते?

दुव्याची रचना ‘परमालिंक’ सेटिंगमध्ये ठरते. तेथे लेखाच्या नावावर आधारलेली रचना निवडली, की वर्डप्रेस शीर्षकावरून दुव्याचा शेवटचा तुकडा तयार करते. या तुकड्याला स्लग म्हणतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन जागा घेऊन लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. स्लगसाठी डेटाबेसमध्ये जागा आहे ती २०० अक्षरांची. त्यात देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार व पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द घेतला तर त्यात अशी ११ चिन्हे आहेत आणि तो ९९ जागा अडवतो. लांब शीर्षकाचा दुवा तिसऱ्याच शब्दात तुटतो तो यामुळे.

ब्राउझरच्या पट्टीत असा दुवा बहुधा देवनागरीतच दिसतो. तो कॉपी करून पाठवला की मात्र टक्क्यांची माळ उलगडते. उपाय दोन आहेत: प्रकाशित करण्याआधी स्लग स्वतः लिहून एकदोन शब्दांचा करावा, किंवा तो रोमन लिपीत लिहावा. मजकूर आणि शीर्षक देवनागरीत राहिल्याने काही बिघडत नाही.

प्रकाशित केल्यानंतर स्लग बदलणार असाल तर एक अपवाद माहीत असावा. पोस्टचा जुना स्लग वर्डप्रेस जपून ठेवते आणि जुन्या दुव्यावर आलेल्या वाचकाला नव्या दुव्याकडे पाठवते; पेजच्या बाबतीत अशी नोंद ठेवली जात नाही. पेजचा पत्ता बदलल्यास जुन्या दुव्याची व्यवस्था आपणच लावावी.

११. थीम बदलली तर माझे लेख जातील का?

लेख, पेज, चित्रे, टिप्पण्या आणि वापरकर्ते जागेवरच राहतात, कारण ते थीममध्ये नसतातच (प्रश्न १). मेनू राहतात, परंतु ते कुठे दाखवायचे ते पुन्हा नेमून द्यावे लागू शकते. बाजूच्या पट्टीतील विजेट (छोटे तयार घटक) निष्क्रिय विभागात जाऊन पडू शकतात. आणि जुन्या थीमखाली ‘अतिरिक्त सीएसएस’ म्हणून लिहिलेले रंग-आकारांचे नियम नव्या थीमला लागू होत नाहीत.

खरी अडचण येते ती थीमने स्वतःच्या वाटेबाहेर जाऊन काम केलेले असते तेव्हा. थीमनेच ‘प्रकल्प’ किंवा ‘अभिप्राय’ यांसारखा मजकुराचा वेगळा प्रकार दिला असेल, तर थीम बदलताच तो डॅशबोर्डवरून दिसेनासा होतो. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, पण त्याला हाक मारणारे कोणी उरत नाही. तसेच थीमचे स्वतःचे शॉर्टकोड, म्हणजे चौकटी कंसात लिहायचे छोटे आदेश, लेखात वापरलेले असतील, तर ते चौकटी कंसातील निरर्थक अक्षरांच्या रूपात वाचकासमोर येतात. म्हणून दिसण्यापुरते जे आहे तेच थीमकडून घ्यावे आणि मजकुराशी निगडित सोयी प्लगइनकडून घ्याव्यात.

१२. थीमच्या फाइलमध्ये मी केलेला बदल अपडेटनंतर नाहीसा झाला. तो परत मिळेल का?

अपडेट करताना थीमचे जुने फोल्डर काढून नवे ठेवले जाते, त्यामुळे बदल परत मिळतो तो केवळ बॅकअपमधून. पुढे असे होऊ नये यासाठी ‘चाइल्ड थीम’ करावी: ती मूळ थीमचे सर्व काही वापरते आणि आपल्याला बदलायच्या तेवढ्याच फाइली स्वतःकडे ठेवते, त्यामुळे मूळ थीम अद्ययावत झाली तरी आपले बदल शाबूत राहतात. बदल केवळ रंग वा अक्षरांच्या आकाराचा असेल तर एवढा खटाटोप न करता तो संपादकातील शैलींमध्ये किंवा ‘अतिरिक्त सीएसएस’मध्ये करावा.

१३. किती प्लगइन चालतील? आणि चांगला प्लगइन ओळखावा कसा?

संख्येची मर्यादा कोणीही सांगू नये, कारण संकेतस्थळ मंद करायला एक बेशिस्त प्लगइनही पुरतो आणि वीस नीटस प्लगइन कधी जाणवतही नाहीत. अधिकृत संग्रहात ५०,००० हून अधिक प्लगइन आहेत. त्यांतून निवडताना शेवटचे अपडेट केव्हा झाले, अलीकडच्या मुख्य आवृत्त्यांबरोबर तो तपासलेला आहे का, आणि तक्रारींना कर्ता उत्तर देतो का, हे पाहावे. तारांकने सर्वांत शेवटी पाहावीत.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. सुरक्षेच्या किंवा अन्य कारणाने एखादा प्लगइन संग्रहातून काढून टाकला गेला, तर वर्डप्रेस डॅशबोर्डवर आपल्याला तसे कळवत नाही. त्याची अपडेट येणे तेवढे थांबते, आणि ‘सर्व काही अद्ययावत आहे’ असा समज कायम राहतो. म्हणून दर काही महिन्यांनी प्रत्येक प्लगइनचे संग्रहातील पान उघडून ते अजून अस्तित्वात आहे की नाही, याची खात्री करावी.

निष्क्रिय करणे आणि पुसणे यांतही फरक आहे. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवरच राहतात आणि त्यांतील उणिवाही राहतात. वापर नसेल तर तो पुसावा. पुसल्यावरही त्याने केलेले डेटाबेसमधील तक्ते मागे उरू शकतात, कारण ते साफ करायचे की नाही हे प्लगइनच्या कर्त्याने ठरवलेले असते.

१४. विकत मिळणारी थीम काही ठिकाणी फुकट मिळते. परवाना जीपीएल असेल तर ती वापरायला हरकत काय?

जीपीएलखालील प्रत पुढे वाटणे परवान्याला धरूनच आहे, त्यामुळे आक्षेप नेहमी कायद्याचाच असतो असे नाही; काही थीमची चित्रे व सीएसएस वेगळ्या परवान्याखाली असतात, तेथे तोही प्रश्न येतो. हरकत विश्वासाची आहे. परवाना-तपासणी काढून टाकलेल्या अशा प्रतींमध्ये मागचे दार उघडणारी, म्हणजे परक्याला चोरून आत शिरू देणारी, आज्ञावली घातलेली आढळते, आणि मूळ कर्त्याकडून येणारी सुरक्षा अपडेटही त्यांना मिळत नाहीत. अधिकृत संग्रहातील साधी थीम यापेक्षा कधीही बरी.

१५. अपडेट आले की लगेच करावे, की थोडे थांबावे?

ते अपडेट कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून आहे. सुरक्षा व दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्या ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, आपोआप बसतात आणि त्या थांबवू नयेत. मुख्य आवृत्ती मात्र आपले महत्त्वाचे प्लगइन तिच्याशी जुळतात हे पाहून करावी. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीने संपादकच बदलून ब्लॉक संपादक आणला, तेव्हा जुन्या पद्धतीवर बेतलेल्या अनेक प्लगइनना जुळवून घ्यावे लागले होते. प्लगइनच्या बाबतीत सुरक्षेचे अपडेट असेल तर त्याच दिवशी करावे, कारण दुरुस्ती प्रसिद्ध झाली की त्रुटी कोठे होती हेही जगजाहीर होते. प्रत्येक अपडेटआधी बॅकअप असावा.

१६. ‘एक्स्पोर्ट’ केलेली फाइल म्हणजेच बॅकअप ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ‘टूल्स’मधून मिळणाऱ्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये लेख, पेज, टिप्पण्या, वर्ग आणि टॅग असतात; तीत थीम, प्लगइन व त्यांची सेटिंग नसतात, आणि चित्रांच्या जागी केवळ त्यांचे पत्ते असतात. जुने संकेतस्थळ बंद पडल्यावर ही फाइल दुसरीकडे आयात केली, तर चित्रे जेथून आणायची तो पत्ताच उरलेला नसतो.

पूर्ण बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: संपूर्ण डेटाबेस, आणि फाइलींपैकी निदान ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डर व ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइल. वर्डप्रेसच्या मूळ फाइली पुन्हा उतरवून घेता येतात. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तो नसल्यातच जमा. एकदा तरी तो सरावाच्या जागी (प्रश्न ६) उघडून पाहावा. परत उभे करून न पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये.

१७. अपडेट अर्ध्यावर थांबले आणि संकेतस्थळ देखभालीसाठी बंद असल्याचा संदेश जातच नाही. काय करावे?

अपडेट सुरू होताना वर्डप्रेस मुख्य फोल्डरात ‘मेंटेनन्स’ या नावाची, नावाआधी टिंब असलेली एक छोटी फाइल तयार करते आणि काम संपले की पुसते. मधेच खंड पडल्यास ती तशीच राहते. दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस तिची दखल घेणे सोडून देते, तेव्हा आधी तेवढे थांबावे. घाई असेल तर ती फाइल पुसावी. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या असतात, त्या दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. त्यानंतर थांबलेले अपडेट पुन्हा पूर्ण करावे.

१८. पान पूर्ण पांढरे दिसते, किंवा गंभीर त्रुटी असल्याचे लिहून येते. डॅशबोर्डही उघडत नाही.

बहुतेक वेळा याचे मूळ नुकत्याच बसवलेल्या किंवा अद्ययावत केलेल्या प्लगइनमध्ये असते. ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी व्यवस्थापकाच्या ई-मेलवर एक खास दुवा पाठवते, ज्यावरून दोषी प्लगइन बाजूला ठेवून डॅशबोर्डमध्ये जाता येते. ई-मेल आलाच नाही तर फाइल मॅनेजरमधून ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘प्लगइन्स’ या फोल्डराचे नाव तात्पुरते बदलावे व डॅशबोर्डवरील प्लगइनची यादी उघडावी. फाइली सापडत नाहीत म्हणून वर्डप्रेस सर्व प्लगइन निष्क्रिय करते. मग फोल्डराला मूळ नाव द्यावे आणि एकेक प्लगइन सक्रिय करत जावे. ज्याच्यापाशी पुन्हा अडते, दोष त्याचा. सगळे निष्क्रिय होऊनही पान पांढरेच असेल तर हाच प्रयोग सध्याच्या थीमच्या फोल्डरावर करावा. त्यासाठी वर्डप्रेसबरोबर येणारी एखादी थीम सर्व्हरवर राखून ठेवणे उपयोगी पडते.

१९. पासवर्ड विसरलो आणि तो बदलण्याचा ई-मेलही येत नाही.

ई-मेल न येण्याचे कारण बहुधा असे असते, की वर्डप्रेस सर्व्हरच्या साध्या व्यवस्थेतून टपाल पाठवते आणि ते स्वीकारणाऱ्या सेवा त्यावर विश्वास ठेवत नाहीत. ई-मेल खात्याशी जोडलेली एसएमटीपी सेवा (ओळख पटवून टपाल पाठवणारी सेवा) लावली की संपर्काच्या अर्जांसह ही सगळी तक्रार मिटते. तोवर आत शिरण्यासाठी ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’मध्ये (डेटाबेस हाताळण्याच्या साधनात) वापरकर्त्यांचा तक्ता उघडावा, आपल्या नोंदीच्या पासवर्डच्या रकान्यात नवा पासवर्ड लिहावा आणि शेजारच्या फंक्शनच्या यादीतून एमडी५ निवडून जतन करावे. एमडी५ हा पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याचा जुना आणि कच्चा प्रकार आहे हे खरे. परंतु पहिल्याच यशस्वी लॉग-इनला वर्डप्रेस तो बदलून आपल्या पक्क्या पद्धतीने साठवते.

२०. संकेतस्थळ नव्या डोमेनवर हलवले. जुने पत्ते शोधून बदलले, तर विजेट आणि थीमची सेटिंगच गायब झाली.

संकेतस्थळाचा पत्ता ‘ऑप्शन्स’ या तक्त्यात दोन नोंदींमध्ये असतो आणि शिवाय लेखांतील दुव्यांमध्ये विखुरलेला असतो, त्यामुळे संपूर्ण डेटाबेसमध्ये ‘शोधा आणि बदला’ करण्याचा मोह होतो. पण विजेट, थीम आणि अनेक प्लगइन यांची सेटिंग एका बांधलेल्या स्वरूपात साठवलेली असतात, आणि त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. समजा तेथे ‘लांबी २०’ असे लिहून पुढे २० अक्षरी जुना पत्ता आहे. साध्या संपादकाने त्या जागी २४ अक्षरी नवा पत्ता घातला तर लांबीचा आकडा २०च राहतो. पीएचपीला हिशेब जुळत नाही आणि ती सगळी नोंदच उलगडेनाशी होते. सेटिंग गायब झाल्यासारखी दिसतात ती म्हणून.

उपाय म्हणजे स्थलांतराआधीचा डेटाबेस पुन्हा आणावा आणि ही बांधणी ओळखून लांबीही दुरुस्त करणारे साधन वापरावे. ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ या, आदेश लिहून वर्डप्रेस हाताळण्याच्या साधनातील शोधा-आणि-बदला हा आदेश हेच करतो, आणि प्रत्यक्ष बदल न करता किती जागी बदल होईल ते आधी दाखवण्याची सोयही त्यात आहे.

२१. हलवल्यानंतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. दुरुस्त होईल का?

आधी नीट पाहावे. देवनागरीच्या जागी लॅटिन अक्षरांचा विचित्र गुंता दिसत असेल, तर मूळ बाइट शाबूत आहेत आणि केवळ चुकीच्या संकेतनाने (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीने) वाचले जात आहेत. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधील डेटाबेसचे संकेतन व आयात करतानाचा पर्याय सुधारला की मजकूर पूर्ववत होण्याची आशा असते. पण डेटाबेसमध्येच खरोखर प्रश्नचिन्हे साठली असतील, तर देवनागरी न मावणाऱ्या संकेतनात रूपांतर होताना मूळ अक्षरे गेलेली असतात आणि ती कोणत्याही साधनाने परत येत नाहीत. जुन्या सर्व्हरवरून निर्यात पुन्हा करावी, आणि या वेळी दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ हे संकेतन असल्याची खात्री करावी. म्हणूनच जुने होस्टिंग नव्या जागेवरचे प्रत्येक प्रकारचे पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय बंद करू नये.

२२. सुरक्षेसाठी तक्त्यांचा उपसर्ग बदलला. आता लॉग-इन होते, पण या पानासाठी परवानगी नाही असे येते.

तक्त्यांची नावे बदलली गेली, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधील उपसर्गही बदलला गेला, परंतु तो उपसर्ग तक्त्यांच्या आतही वापरलेला असतो हे राहून गेले. भूमिकांची व्याख्या सांगणारी ‘ऑप्शन्स’मधील नोंद, आणि प्रत्येक वापरकर्त्याचे अधिकार सांगणाऱ्या ‘युजरमेटा’मधील नोंदी, यांच्या नावांची सुरुवात त्याच उपसर्गाने होते. त्या जुन्या नावाने राहिल्यामुळे वर्डप्रेसला आपण कोण आहात ते कळते, पण आपल्याला काय करू द्यायचे ते कळत नाही. त्या नोंदींची नावे नव्या उपसर्गाप्रमाणे करावीत. उपसर्ग बदलून मिळणारी सुरक्षा तुटपुंजी असते. चालू संकेतस्थळावर त्यासाठी एवढा धोका पत्करू नये.

२३. लेख ठरावीक वेळी प्रकाशित व्हायला लावला होता, पण वेळ टळून गेली तरी तो झाला नाही.

पहिली शंका कालविभागाची घ्यावी: ‘जनरल’ सेटिंगमध्ये आपल्या विभागातील शहराचे नाव निवडलेले आहे का ते पाहावे. ते बरोबर असेल, तर वर्डप्रेसचे वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, हे कारण असते. कोणीतरी पान उघडते तेव्हाच वर्डप्रेस जागे होऊन प्रलंबित कामे तपासते. पहाटे पाचला वाचकच नसेल तर पाचचा लेख सातला आलेल्या पहिल्या वाचकाबरोबर बाहेर पडतो. वर्दळ भरपूर असूनही असे होत असेल, तर कॅशेकडे पाहावे: आधीच बनवून ठेवलेले पान वाचकाला परस्पर दिले जाते आणि वर्डप्रेसपर्यंत हाक पोहोचतच नाही. दोन्ही परिस्थितींत होस्टिंगच्या नियंत्रणपटलावरून सर्व्हरच्या क्रॉनद्वारे (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीद्वारे) ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ ही फाइल दर काही मिनिटांनी चालवण्याची व्यवस्था करावी, आणि ती सुरू झाल्याची खात्री पटल्यावरच ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये वर्डप्रेसचे स्वतःचे वेळापत्रक बंद करावे.

२४. लिहिण्यासाठी इतरांना कोणती भूमिका द्यावी? आणि कोणी सोडून गेल्यास त्याचे खाते पुसले तर लेख जातात का?

‘कॉन्ट्रिब्युटर’ लिहू शकतो पण प्रकाशित करू शकत नाही व चित्रेही अपलोड करू शकत नाही; ‘ऑथर’ स्वतःचे लेख प्रकाशित करतो; ‘एडिटर’ सर्वांचे लेख हाताळतो; प्लगइन, थीम आणि सेटिंग ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’च्याच हाती राहतात. नियमित लेखकाला ‘ऑथर’ पुरते. खाते पुसताना वर्डप्रेस विचारते, की या व्यक्तीचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा. पुसण्याचा पर्याय निवडला तर लेख त्याच्याबरोबर जातात. लेखकाचे नाव लेखावर कायम ठेवायचे असेल तर खाते पुसूच नये. पासवर्ड आणि ई-मेल बदलून त्याची भूमिका ‘सबस्क्राइबर’ करावी, म्हणजे लेख आणि नाव दोन्ही राहतात व अधिकार मात्र उरत नाहीत.